संजीवनीची शिट्टी

पोलादपूरच्या नाक्याजवळच्या मोकळ्या मैदानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जीपवाले, टेम्पोवाले, रिक्षावाले, वीर स्टेशनला पाहुणे सोडून थेट इकडेच आलेले ड्रायव्हर, सगळे माना उंचावून बघत होते. मधोमध टेबल, टेबलावर एक यंत्र आणि यंत्रामागे गतीबाबा. भगव्या कफनीवर मेकॅनिकचं निळं जाकीट आणि गळ्यात रुद्राक्षांसोबत एक स्पार्क प्लग.

"इंजिन म्हणजे काय? देह! तेल म्हणजे रक्त! आणि टर्बो म्हणजे, बाळांनो, कुंडलिनी!" बाबा गरजले. "कंपनीवाले म्हणतात, दर दहा हजाराला तेल बदला. अरे, देव कधी तुमचं रक्त बदलतो?"

"नाय, बाबा!" गर्दी ओरडली.

यंत्र साधंच होतं. मोटरवर फिरणारी पोलादी कडी, तिच्यावर दाबून धरलेला पोलादाचा तुकडा, आणि तो दाब वाढवायला एक दांडा. बाबांनी कडीवर साधं इंजिन ऑइल ओतलं आणि दांड्याला वजनं टांगली. दुसऱ्याच वजनाला यंत्र किंचाळलं आणि जाम झालं. मग तुकडा फिरवून नवी बाजू घेतली, तेल पुसलं आणि काळ्या बाटलीतल्या 'संजीवनी'चे चार थेंब सोडले. तीन, पाच, आठ, दहा वजनं टांगली. कडी सुळसुळ फिरत राहिली. गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला.

"एक बाटली टाका. पन्नास हजार किलोमीटर तेल बदलायचं नाही. इंजिनचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. उघडलं की शक्ती उडाली! आणि टर्बोतून शिट्टी ऐकू आली की समजा, संजीवनी जागी झाली. हिंदूंनो, मंत्र म्हणा, मुसलमानांनो, दुआ मागा, गाडीला जात नसते!"

गर्दीच्या कडेला अब्बास उभा होता. मस्कतच्या गॅरेजमध्ये त्याने एकोणीस वर्षं इंजिनं उघडली होती. आता पोलादपुरात स्वतःचं छोटं गॅरेज चालवत होता. त्याच्या पुढ्यात त्याचा पुतण्या फुरकान बाटलीसाठी हात पुढे करत होता. फुरकानची नवी टर्बो डिझेल गाडी रायगडचे, शिवथरघळीचे प्रवासी फिरवायची.

"फुरकान, ह्या मशिनीसारखं इंजिन चालत नाय रे," अब्बास म्हणाला.

"चाचा, मस्कतची अक्कल मस्कतला ऱ्हाऊ द्या. सगळं गाव डोळ्यांनी बघतंय!"

आजूबाजूचे हसले. गोमाजी जीपवाला तर मोठ्याने हसला. अब्बासचे कान तापले. यंत्रावर दुसरं काहीतरी घालून बघा, एवढं त्याला म्हणायचं होतं. तो काही न बोलता घरी गेला.

सहा-सात महिने लोटले. एका संध्याकाळी फुरकान गाडी घेऊन अंगणात आला तेव्हा अब्बासला बोनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा बेअरिंगमध्ये डुगडुगायला लागला की असा आवाज येतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. फुरकान मात्र खुशीत होता. "ऐकलंत, चाचा? जागी झाली!"

सांगितलं तर पुन्हा हसेल, असं अब्बासच्या मनात आलं. तो चहाचा कप घेऊन आत वळला.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोच्या, नुरजहाँच्या छातीत सकाळी दुखू लागलं. दोन वर्षांपूर्वी पुण्याला तिच्या हृदयात स्टेंट बसवला होता. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "इथे थांबू नका. पुणं गाठा." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. फुरकान धावत आला. "चाचा, माझी गाडी हाय ना!"

वरंध गाव मागे पडलं. भोरकडे जाणाऱ्या घाटाचा चढ लागला. नुरजहाँ मागच्या सीटवर अब्बासच्या खांद्याला टेकून बसली होती. शिट्टी वाढत वाढत किंकाळीसारखी झाली आणि एका वळणावर 'फट्' असा आवाज झाला. मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला. इंजिन आपोआप गर्जू लागलं. फुरकानने चावी काढली, तरी ते थांबेना.

"टॉप गिअर टाक! ब्रेक दाब! क्लच सोड!" अब्बास ओरडला.

गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. मग घाटात इतकी शांतता पसरली की नुरजहाँचा श्वास ऐकू येऊ लागला.

मोबाइलला रेंज नव्हती. फुरकान रेंज शोधत वर धावला, खाली धावला. दोन मोटारसायकली गेल्या. एकाने भोरला जाऊन निरोप देतो म्हणून सांगितलं. अब्बासने नुरजहाँला उघड्या दाराशी सीटवर आडवं केलं आणि ओढणीने वारा घालत राहिला.

"अवो," ती म्हणाली, "पोराला बोलू नका काय. घाबरलाय तो."

"नाय बोलणार."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

दीड तासाने भाजीचा टेम्पो आला आणि त्यांनी तिला त्यात चढवलं. भोरच्या अलीकडेच तिचा हात अब्बासच्या हातात थंड पडला.

भोरच्या डॉक्टरांना अब्बासने एकच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "लवकर पोचला असता तर वाचल्या असत्या, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं."

नुरजहाँचा चाळिसावा झाल्यावर अब्बासने फुरकानची गाडी गॅरेजमध्ये ओढून आणली. टर्बो सोडवला. त्याला तेल पुरवणारी पेन्सिलएवढी नळी त्याने उभी चिरली. आत डांबरासारखा काळा चिकटा गच्च बसला होता. तेल जेमतेम झिरपत होतं. दांडा कोरडा फिरून झिजला, सील फुटलं, उरलंसुरलं तेल हवेच्या वाटेने इंजिनात गेलं आणि इंजिन आपलंच तेल जाळत सुटलं. म्हणून चावी काढूनही ते थांबत नव्हतं.

फुरकान दारात उभा होता. महिनाभरात तो निम्मा झाला होता. "चाचा, चाचीला मी मारलं."

अब्बासने हातातली नळी खाली ठेवली. "गाडी का बंद पडली ते मला दिसतंय. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाय, डाक्टरलाबी ठाऊक नाय. जे ठाऊक नाय ते बोलायचं नाय. तू पण नाय. आणि शिट्टी तर मीबी ऐकली होती रे."

दोघं तिथेच जमिनीवर बसून रडले.

नंतर अब्बासने जुनी मोटर काढून बाबांच्या यंत्रासारखं यंत्र जुळवलं. त्याला त्या दहा वजनांचं कोडं सोडवायचं होतं. खोबरेल घातलं, एरंडेल घातलं, ग्रीस घातलं. यंत्र दोन-तीन वजनांतच जाम व्हायचं. मग एक दिवस न्हाणीघरातल्या फळीवर त्याला नुरजहाँची कोंड्याच्या शाम्पूची अर्धी बाटली दिसली. ती हलवायला आजवर त्याचा हात झाला नव्हता. ती घेऊन तो गॅरेजमध्ये आला. कडीवर शाम्पू सोडला. पाच वजनं झाली, आठ झाली, दहा झाली. कडी सुळसुळ फिरत राहिली. तो मोटर बंद करायचं विसरून बघत बसला.

गतीबाबा पुन्हा आले, तेव्हा मैदानात तेवढीच गर्दी होती. बाबांचा खेळ संपला, टाळ्या झाल्या आणि अब्बास पुढे आला. त्याचं यंत्र फुरकानने उचलून आणलं होतं.

"बाबा, मी एक वस्तू घालून बघतो. चालंल?"

"श्रद्धा नसेल तर यंत्र चालत नाही, बेटा!"

"मंग तर बघायलाच पायजे," अब्बास म्हणाला आणि त्याने आपल्या यंत्राच्या कडीवर शाम्पू सोडला. वजनं टांगली जाऊ लागली आणि गर्दी मोजू लागली. दहाव्या वजनाला गोमाजी पुढे घुसला, बाटली हातात घेऊन त्याने वास घेतला आणि ओरडला, "अरे, हा तर डोक्याचा शाम्पू हाय!"

"आता हाच गाडीत घालशील, गोमाजी?"

"येडा हाय का मी?"

"मंग ती बाटली कशी घातलीस?" अब्बासने नळी वर धरली. "नीट ऐका. ह्या मशिनीत लोखंडाचा तुकडा लोखंडावर दाबलाय. काही रसायनं तापलेल्या लोखंडाला चिकटून वर पापुद्रा धरतात. शाम्पूतलं धरतं, बाबांच्या बाटलीतलंबी धरतं. त्यात मंतर नाय. पण टर्बोत असं दाबलेलं काही नसतंच. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, केसापेक्षा बारीक अशा तेलाच्या थरावर तरंगत. तिथं पातळ, साफ तेल लागतं. बाबांचा चिकटा आणि न बदललेलं तेल उकळून काय झालं, ते हे बघा. आणि झाकण का उघडू देत नाय? उघडलं तर तुम्हाला दिसंल म्हणून."

नळी हातोहात फिरली. बाबा कुंडलिनीबद्दल काहीतरी बोलत होते, पण त्यांचा हात बाटल्या खोक्यात भरण्यात गुंतला होता. फुरकान पुढे झाला. "मी घातलं होतं. माझीच गाडी ती," एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

मागून कोणीतरी समजुतीच्या सुरात बोललं, "अब्बासभाय, वहिनीची वेळच भरली होती. तेलाला काय दोष?"

अब्बास मागे वळला.

"वेळ कोणाची कधी भरते मला ठाऊक नाय. गाडी का बंद पडली ते ठाऊक हाय. जेवढं आपल्या हातात हाय तेवढं तरी नशिबावर ढकलू नका."

"मंग तेल कुठलं घालायचं, ते तरी सांग," गोमाजी म्हणाला. आज तो हसत नव्हता.

"गाडीसंगट पुस्तक मिळतं. त्यात नंबर लिवलाय. फुरकानच्या गाडीला पाच-डब्ल्यू-तीस, पूर्ण सिंथेटिक, टर्बो डिझेलसाठीचं. तुझ्या गाडीला दुसरं असंल. पुस्तकातला नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळवा, सीलबंद डबा घ्या, किलोमीटर भरले की बदला. तेल मोजायची पट्टी काढून तेल बघत जा. घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा, टर्बो निवंल. एवढंच हाय. ह्याला ना मंतर लागत, ना दुआ."

त्याने बाबांच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"आणि कोणी चमत्कार दाखवला तर एकच करा. त्याच्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू घालून बघायला मागा. तो रागावला तर काय समजायचं ते समजा. लोक हसले तर हसू द्या. मला पयल्या दिवशीच मागायचं होतं. लोक हसले, मी गप्प बसलो. तुम्ही गप्प बसू नका."

त्याने गोमाजीकडून नुरजहाँची बाटली परत घेतली. फुरकानने त्याचा दंड धरला आणि गर्दीने त्या दोघांना वाट करून दिली.