सात ते नऊ, शटरआड

माझ्या पोटात पूर्वी टीव्ही असे. आता फोन असतात. मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. चार पाय, समोर दोन्ही बाजूंनी सरकणारे शटर आणि मधोमध पितळी कुलूप. माझ्यासारखी कपाटे आता कोणी करत नाही. म्हणून सांगते ते नीट बसून ऐका, आणि ऐकताना हातात दुसरे काही धरू नका.

मला ज्या सुताराने घडवले तो अतिशय हट्टी माणूस होता. शटरच्या पट्ट्या कापडावर एकेक करून चिकटवताना एक पट्टी केसभर वाकडी बसली, तर त्याने सगळे शटर उचकटून पुन्हा केले. मालकीणबाई रोज येऊन पाहत. तेव्हा त्या तरुण होत्या. आज घरात त्यांना आजी म्हणतात. त्या सुताराला म्हणाल्या होत्या, "कुलूप असं बसव, की चमच्याच्या दांड्यानं उघडता कामा नये." सुतार म्हणाला, "बाई, टीव्हीच ठेवणार ना? का दागिने?" आजी म्हणाल्या, "घरात मुलगा आहे. तू कुलूप बसव."

मित्रांनो, माझा सुवर्णकाळ तो. संध्याकाळी सातला आजी पदराची किल्ली सोडत, शटर सरकवत, आणि खोलीभर माणसे एकाच दिशेने पाहू लागत. शेजारची मुले दाराशी चपला काढून ओळीने बसत. नवाला शटर बंद होई. कोणी कुरकुर केलीच तर आजी नुसत्या पाहत. तेवढे पुरे होई. येणारा पाहुणा टीव्हीपेक्षा माझी स्तुती जास्त करी, आणि मी ती निर्लज्जपणे ऐकून घेई.

पुढे टीव्ही चपटा झाला आणि भिंतीवर गेला. भिंतीला कपाट लागत नाही. दोघा माणसांनी मला उचलून मागच्या खोलीत नेले, आणि तिथे मी कित्येक वर्षे उभे राहिले. माझ्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रे, फुटकी बादली, एक बिनहाताची बाहुली. शटर कुजले नाही, पण सरकवणारा हात नसला की ते आखडते. खोलीत कोणी आले तर काहीतरी टाकायला येई. माझ्याकडे पाहायला कोणी आले नाही.

मग एके दिवशी ठकी आली.

ठकी म्हणजे आजींची नात, अकरा वर्षांची. तिची आई परिचारिका आहे, आणि दोन वर्षांच्या करारावर दूरच्या देशातल्या रुग्णालयात गेली होती. जाताना तिने आपला जुना फोन ठकीला दिला. आपल्याकडे साडेसात वाजत तेव्हा तिकडे तिची जेवणाची सुट्टी असे, अर्धा तास. ती कामावरून सुटे तेव्हा ठकी झोपलेली, आणि ठकी उठे तेव्हा ती झोपलेली. सबंध दिवसात दोघींचा मेळ बसे तो एवढाच.

ठकी दार लावून घेई, वर्तमानपत्रे बाजूला सारून फोन माझ्यावर टेकवून ठेवी, आणि समोर बसून गणिते सोडवी. तिकडे आई डबा खाई. बोलणे फारसे नसेच. मधूनच आई म्हणे, "हातचा घेतलास का?" ठकी म्हणे, "घेतला. तू पाणी पी." अर्धा तास संपला की आई टोपी नीट करी आणि चित्र नाहीसे होई. मग ठकी थोडा वेळ तशीच बसे. इतक्या वर्षांनी माझ्यासमोर कोणीतरी बसत होते, म्हणून मीही तो अर्धा तास मोजू लागले.

आजींना यातले काही ठाऊक नव्हते. सुनेचा फोन रविवारी दुपारी बैठकीत येतो, सगळ्यांच्या देखत, एवढेच त्यांना माहीत. त्यांना दिसे ते बंद दार आणि फटीतून येणारा फोनचा उजेड. "दार लावून काय बघते ही पोरगी?" असे त्या स्वतःशीच म्हणत, पण पोरीला विचारीत नसत.

ठिणगी पडली ती ठकीच्या थोरल्या भावामुळे. या दादाने एकदा फोनमध्ये डोळे घालून जेवता जेवता शेजारी बसलेल्या आजींच्या ताटातले सगळे संपवले, आणि वर म्हणाला, "आज कमी वाढलंत."  दुसऱ्याच दिवशी आजींनी मला मागच्या खोलीतून बाहेर काढले, पुसले, शटरला मेण लावले. आत फळ्या ठोकून चार खण केले. इंटरनेटचे यंत्रही माझ्या माथ्यावर आणून बसवले.

"संध्याकाळी सात ते नऊ," आजींनी जाहीर केले, "सगळ्यांचे फोन यात. माझाही. पूर्वी टीव्हीला लावत होते, आता फोनला. नियम सगळ्यांना सारखा."

मुलांचे बाबा बस आगारात काम करतात आणि आईसमोर आवाज चढवत नाहीत. ते ठकीच्या कानाशी म्हणाले, "थोडे दिवस कळ काढ. मी योग्य वेळ बघून सांगतो तिला." तिकडे बायकोलाही त्यांनी हेच कळवले.

खोटे कशाला सांगू, नियम वाईट नव्हता. आठवड्याभरात दादाने गॅलरीत पडलेली सायकल खोलली आणि हातभर काळे तेल माखून घेतले. जेवताना माणसे एकमेकांशी भांडू लागली, म्हणजे निदान बोलू लागली. शेजारीण पाहून गेली आणि म्हणाली, "आमच्याकडेही असं कपाट हवं होतं." मी पुन्हा बैठकीत आले होते, माझी पुन्हा वाहवा होत होती. मला सुख व्हायला हवे होते.

पण रोज साडेसातला माझ्या तिसऱ्या खणात ठकीचा फोन थरथरे. आवाज बंद केलेला, म्हणून नुसती थरथर; माझ्या फळीला लागून, पायापर्यंत जाणारी. मिनिटभर चाले, थांबे. पुन्हा एकदा चाले, थांबे. ज्या फोनला मी महिनोन्‌महिने टेकायला आधार दिला, त्यालाच आता कोंडून उभे होते. आजींना अलीकडे कमी ऐकू येते. बाबा वर्तमानपत्र उंच धरीत. ठकी टेबलाशी वहीत डोके घालून बसे. घर भरलेले असताना इतके एकटे मला मागच्या खोलीतही वाटले नव्हते.

पहिले काही दिवस नवाच्या ठोक्याला ठकी धावत येई, न घेतलेले फोन पाही, घाईघाईने चार शब्द लिही. मग ती चालत येऊ लागली. मग एके दिवशी फोन घ्यायला ती आलीच नाही. दादाने नेऊन दिला. मित्रांनो, त्या दिवशी मी घाबरले. रडणारे मूल समजूत काढल्यावर हसते. पण ठकीला आईवाचून राहण्याची सवय लागत होती, आणि तिला कोणी काही विचारीत नव्हते.

तेविसाव्या संध्याकाळी आजी मला पुसत होत्या. माझे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत. हात माझ्या बाजूवर होता आणि साडेसात वाजले.

"हे काय गुरगुरतंय?" आजी म्हणाल्या.

"काही नाही, आई," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"काही नाही कसं? लाकूड हलतंय."

दादा सायकलची साखळी पुसत होता. तो म्हणाला, "आईचा फोन आहे, ठकीला. रोज येतो."

"रोज?"

"रोज. यावेळी तिची जेवायची सुट्टी असते. ठकी तिच्यासमोर गणितं करायची, मागच्या खोलीत."

आजींनी किल्ली काढली. कुलूप दुसऱ्या प्रयत्नात उघडले. फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी बोट फिरवले. पडद्यावर गणवेशातली सून होती, हातात डब्याचे झाकण.

"आई, तुम्ही?" ती दचकलीच. "काय झालं? ठकी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू रोज लावतेस?"

"हो."

"कोणी उचलत नाही, हे कळत नाही का तुला?"

"कळतं," सून म्हणाली. "पण घरात वाजतो तरी. तेवढंच आल्यासारखं वाटतं."

आजींनी फोन आणखी जवळ धरला. मग म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस."

"यांना सांगितलं होतं. योग्य वेळ बघून सांगणार होते."

आजींनी मुलाकडे मान वळवली. "सापडली का रे वेळ?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आले.

"ठकी, इकडे ये. आई आहे."

ठकी जागची हलली नाही. "अजून नऊ नाही वाजले, आजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते.

"माझा नियम मला सांगू नकोस. ये."

"माझी गणितं झाली आहेत. मी आता एकटीच करते."

हे पडद्यातल्या आईनेही ऐकले. तिने डब्याचे झाकण खाली ठेवले. आजी फोन घेऊन टेबलाशी गेल्या आणि कंपासपेटीला टेकवून तो उभा केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी असेल, पण मला त्यांची पाठच दिसत होती. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. तू दार का लावतेस, ते मी तुला कधी विचारलंच नाही." मग बाकीच्यांकडे वळल्या. "चला, सगळे स्वयंपाकघरात. उभे काय राहिलात?"

खोलीत दोघी उरल्या, आणि मी. सुट्टीची वीसेक मिनिटे बाकी असावीत. आई काही विचारेना. तिने एक घास खाल्ला, कारण दुसरे काय करावे हे तिला सुचले नाही. ठकी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने खोडरबर घेतले, सुटलेले, बरोबर आलेले गणित खोडून टाकले, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला घेतले.

"हातचा घेतलास का?" आईने विचारले.

सात ते नऊ मी आजही बंद असते, मित्रांनो, आणि असायलाच हवे. पण कुलूप लावण्याआधी आता आजी विचारतात: कोणाशी बोलायचंय, कशासाठी, किती वेळ? ठकीचा फोन आता साडेसातला बाहेर असतो. हे तीन प्रश्न तुमच्या घरातही विचारले जावेत. मोठ्यांना ते सुचले नाहीत तर तुम्ही होऊन सांगा, आणि योग्य वेळेची वाट पाहत बसू नका. मी लाकडाचे आहे. माझ्यात काय कोंडले आहे हे मला कळले तरी मला ते उघडता येत नाही. तुम्हाला येते.