मांजराच्या पोटाखालची रेघ

मी दुकानांच्या पाट्या रंगवते. तीस वर्षं झाली. त्यामुळे औषधाच्या दुकानदाराने "मला आजोबांच्या काळातली अक्षरं हवीत" म्हटलं, तेव्हा मी संगणकात डोकं घातलं नाही, सरळ सरकारी दफ्तरखाना गाठला. तिथे जुन्या वेष्टनांचे, जाहिरातींचे खोके कुणालाही बघायला मिळतात. फक्त हात धुऊन बसायचं आणि पेन आत न्यायचं नाही, पेन्सिलच.

चौथ्या खोक्यात आमचं मांजर निघालं. शिवणाच्या दोऱ्याचं लेबल, त्यावर रिळाशी खेळणारं, एक कान फाटलेलं मांजर. पोटाखाली कंपनीचं नाव आणि नावाखाली एक जाड, झोकदार रेघ. तो कान मी लहान असताना शेजारच्या बोक्याने माझ्या डोळ्यांदेखत फाडला होता. आणि आमच्या घरात चित्रकार एकच, माझे बाबा. लेबल ठेवलेल्या पाकिटावर मात्र लिहिलं होतं, 'चित्रकार अज्ञात'.

माझा पारा चढला. तिथलं सगळं सांभाळणाऱ्या चष्मेवाल्यांना मी विचारलं, "अज्ञात म्हणजे काय? माझा बाप होता तो. चांगला सहा फुटी."

ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे मांजर आमच्या प्रदर्शनात लागतंय. नावाच्या चिठ्ठ्या शुक्रवारी छापायला जातात. त्याआधी पुरावा आणा, नाव घालतो."

मी चार दिवस त्यांचं डोकं खाल्लं. बाबांच्या पाट्यांचे फोटो नेले, मांजराचाही नेला. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचं नाव एकदा तरी भिंतीवर लागावं, एवढंच मला हवं होतं. गुरुवारी चष्मेवाल्यांनी हात टेकले. माझ्यापुढे अर्ज ठेवला आणि वर मूळ चित्रही आणून दिलं, छापलेलं नव्हे, हाताने रंगवलेलं. लेबलं छापणारा छापखाना बंद पडला तेव्हा तेही इथेच आलं होतं. मी अर्जात बाबांचं नाव लिहिलं आणि सही करायच्या आधी हौसेने भिंग उचललं.

ब्रश जिथे टेकतो तिथे रंग दाट बसतो. जिथे सुटतो तिथे विरळ होतो, केसांचे ओरखडे उठतात. हे मला झोपेतसुद्धा कळेल. नावाखालची रेघ उजव्या टोकाला दाट होती आणि डावीकडे विरत गेली होती. म्हणजे ती उजवीकडून डावीकडे, डाव्या हाताने ओढलेली होती.

बाबा उजवे. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच, आई. तिच्या हातात घरातली एकही कात्री कधी धड चालली नाही. मी सही न करताच उठले.

आई खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. मी विचारलं, "दोऱ्याचं मांजर कुणी काढलं गं?"

"आज बरी आठवण झाली," ती म्हणाली. "मीच काढलं. तुझे बाबा पाट्यांमध्ये वस्ताद, पण मांजर काढायला बसले की बकरी व्हायची."

"आणि अक्षरं?"

"तीही माझीच. बारीक काम त्यांच्या डोळ्यांना झेपत नव्हतं. छापखान्यात ते नेऊन द्यायचे, म्हणून तिथे सगळ्यांना त्यांचंच वाटलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिचे हात थांबले. "सांगणारच होते. तेवढ्यात तू शाळेत निबंध लिहिलास, माझे बाबा चित्रकार. पहिला नंबर आला. ते तो कागद खिशात घेऊन फिरायचे. म्हटलं, जाऊ दे आता. पण वाईट वाटलं. खूप वाटलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो निबंध मला अजून पाठ आहे. त्यात आईवर एकच ओळ होती, ती घर सांभाळते.

शुक्रवारी दफ्तरखाना उघडायच्या आत मी तिला घेऊन दारात उभी. चष्मेवाल्यांना म्हटलं, "साहेब, चार दिवस मी भलत्याच माणसासाठी भांडले. आज खरं माणूस आणलंय."

त्यांनी कालचा अर्ज काढला. बाबांचं नाव मी स्वतः खोडलं. आईने पेन्सिल डाव्या हातात घेतली, आपलं नाव लिहिलं आणि सवयीने खाली रेघ ओढली, उजवीकडून डावीकडे. चष्मेवाल्यांनी ती रेघ बघितली, मग चित्रातली बघितली आणि अर्जावर शिक्का मारला.

मग आईने मांजर जवळ ओढलं. मला वाटलं, आता रडणार. ती चित्रावर वाकली आणि म्हणाली, "मागचा पाय आखूड झालाय. तू तापाने फणफणली होतीस, घाईत उरकलं."

नंतर चष्मेवाल्यांकडे वळली. "बाकीचे खोके काढा बघू. साबणावरचं बदक असेल, छत्रीवाली बाई असेल. आणि या पेन्सिलीला टोक करून द्या. मला अजून बऱ्याच ठिकाणी नाव घालायचंय."