मागचं चाक

पवनचक्कीचं लांबलचक पातं वाहून नेणाऱ्या आमच्या ट्रेलरला दोन स्टिअरिंग. पुढचं ड्रायव्हरच्या हातात, मागच्या चाकांचं माझ्या. मागे बसणाऱ्याने डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, वॉकीटॉकीवर येईल तो शब्दच पाळायचा, हा माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. शब्दही त्यांचेच. ‘कलव’ म्हणजे हळूहळू वळव, ‘मुरड’ म्हणजे झटक्यात, आणि ‘पलट’ म्हणजे चाललंय ते सोडून तत्काळ उलट्या दिशेला. अकरा वर्षांत ‘पलट’ म्हणायची वेळ आपण येऊ दिली नाही, हे ते जेवताना न चुकता ऐकवायचे.

त्या सकाळी चौकात वळताना ते फुटपाथवरून चालत शब्द देत होते. “कलव, जावईबापू. अजून. आता मुरड.”

मी मुरडलं. पात्याचं टोक कोपऱ्यावरच्या इमारतीकडे सरकू लागलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई पाठमोरी कपडे वाळत घालत होती. मी ‘पलट’ची वाट पाहिली.

“मुरड, मुरड.”

सासऱ्यांचं तोंड सरळ गॅलरीकडेच होतं. बाबा हल्ली जिना चाचपत उतरतात, असं बायको दोन महिने सांगत होती, आणि मी दीडशहाण्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

टोक आणि गॅलरी यांत हातभर अंतर उरलं. मी आपल्या मनानेच चाक उलटं फिरवलं. ट्रेलर करकरला, पातं वाळत घातलेल्या चादरीला घासून बाहेर निघालं. बाई किंचाळली आणि मटकन खाली बसली. तिला कुठे खरचटलंही नव्हतं.

“शब्द नसताना कोणी पलटलं?” पुढून ड्रायव्हरने विचारलं.

नियम मोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. पण खरं सांगितलं, तर म्हाताऱ्याची अब्रू जाणार होती. “माझा हात घसरला,” मी म्हणालो.

वॉकीटॉकी खरखरला. गाडीवरची सहाही माणसं ऐकत होती.

“हात नाही घसरला त्याचा,” सासरे म्हणाले. “वर बाई होती. ती किंचाळली तेव्हा मला कळलं. आता पुढचे शब्द तो देईल.”

मागचं चाक एका हेल्परकडे सोपवून मी धावतच त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी वॉकीटॉकी पुढे केला, पण मी उभा होतो तिथून हातभर बाजूला. मी गुपचूप तिकडे सरकलो आणि तो घेतला.