दोन हजारांवरचा काटा

मित्रांनो, मी एक जुना चढवेगमापक आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. विमान मिनिटाला किती फूट वर चढते आहे किंवा खाली येते आहे, एवढेच माझा काटा दाखवतो. जाड चष्म्याच्या एका कारागीर बाईंनी मला जुळवले. माझ्या पोटातले छिद्र केसाहून बारीक. ते पाडताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

पुढे अकरा वर्षे मी एकाच प्रवासी विमानात काढली. जमिनीजवळ हवा दाट असते, तिथे मिनिटाला तीन हजार फूट चढणे सहज जमते. खूप उंचावर मात्र हवा विरळ होते आणि इंजिनांचा दम कमी पडतो. तिथे पाचशे-सातशेवर समाधान मानावे लागते. जास्त मागितले, तर विमान नाक उचलून चढते खरे, पण पुढे जाण्याचा वेग गमावून बसते.

एका दुपारी आम्ही खूप उंचावर असताना समोर काळाकभिन्न ढग उभा राहिला. बत्तीस वर्षे विमाने उडवलेल्या कॅप्टननी चढ दोन हजारांवर नेऊन ठेवला.

“सर, वेग पडतोय,” शेजारची तरुण सहवैमानिक म्हणाली. “चढ कमी करू या. ढगाला वळसा घालू.”

“त्याच्या डोक्यावरून जाऊ.”

“सर, फार पडलाय वेग!”

“मला शिकवू नकोस!”

माझा काटा दोन हजारांवर ताठ उभा होता. कॅप्टन त्याच्याकडेच पाहून खूश होते. शेजारच्या वेगाच्या काट्याकडे त्यांचे लक्षच नव्हते.

तेवढ्यात दोघांच्या हातातले सुकाणूचे दांडे आपोआप थरथरू लागले. वेग फार पडला, की विमान देते तो हा शेवटचा इशारा असतो.

“नाक खाली घ्या!” ती ओरडली.

घाबरून कॅप्टननी दांडा उलट स्वतःकडेच ओढला आणि नाक आणखी वर गेले. विमान कलंडले आणि दगडासारखे कोसळले. माझा काटा खाडकन तळाला गेला. चहाचा पोलादी थर्मास उडून माझ्या काचेवर आदळला. कॅप्टनचे कपाळ फुटले. दाराआड प्रवाशांच्या खाण्यापिण्याचा गाडा छताला धडकला आणि किंकाळ्या उठल्या.

कॅप्टनची पकड सुटेना. सहवैमानिकेने त्यांच्या मनगटावर मूठ हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज झाला आणि हात सुटले. विमान पडत असतानाच तिने नाक आणखी खाली दाबले. वेग आला, पंखांनी हवा धरली. नऊ हजार फूट खाली आल्यावर आम्ही सावरलो.

सतरा जणांची हाडे मोडली. एका आजोबांचा डोळा गेला.

चौकशीच्या खोलीत मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते. अधिकाऱ्याने विचारले, “कॅप्टन, तुमच्या सहवैमानिकेनं तुमचं मनगट मोडलं. तिच्याविरुद्ध तक्रार करायची आहे?”

प्लास्टरमधला हात सांभाळत कॅप्टन म्हणाले, “नाही. हात उचलण्याआधी तिनं तीनदा तोंडानं सांगितलं होतं. तक्रार त्या आजोबांनी करायची. माझ्याविरुद्ध.”

मी निर्दोष ठरलो, पण फुटक्या काचेचे यंत्र पुन्हा कोण बसवणार? आता एका प्रशिक्षण केंद्राच्या कपाटात मी धूळ खात पडलो आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. मित्रांनो, फक्त एवढे करा. कोणी तुम्हाला सावध केले, तर त्याचे वय आणि हुद्दा नंतर विचारा. तोंडाने सांगितले जाते, तेव्हाच ऐका; हात उचलण्याची वेळ येऊ देऊ नका.