राखलेलं झाड

अहो, मान वर करा, मी बोलतोय! मी सियालांग, सुमात्रातला मधाचा वृक्ष. माझ्या सावलीत गावची शाळा भरायची. पण गुरुजींच्या टोपीत मुंगळे टाकण्याच्या नादात माझी विद्या अर्धीच राहिली.

माझ्या फांद्यांना आग्या मोहोळं लटकायची. मध काढणारा जमरुस माझ्या बुंध्यात खुंट्या ठोकत चढायचा आणि माशांना लाडीगोडीची गाणी म्हणायचा, "ये गं राणी, काजळ घालून ये." तशी रीतच आहे. खालून त्याची बायको रोसनिदा ओरडायची, "मेल्या, माझ्याशी बोललास का कधी असं?"

"तू आधीच डसतेस!" हा वरून.

मी हसून हसून पानं गाळायचो.

मग कंपनी आली. म्हणे, इथं तेलाचे ताड लावायचे, त्या तेलावर गाड्या पळवायच्या, जगाची हवा स्वच्छ! मधाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा आमचा जुना नेम. गावप्रमुख लासिम छाती काढून म्हणाला, "रान घ्या, पण सियालांगला हात लावायचा नाही." साहेबांनी लगेच मान डोलावली. झाड राहिलं की मध राहणारच, असं सगळ्यांना वाटलं. मलासुद्धा. गावानं मेजवानी केली.

कंपनीनं शब्द पाळला. मला सोडून सगळं जाळलं. धुरानं पोरं खोकून निळी पडली. आता नजर जाईल तिथं ताड, कवायतीला उभे. कंपनीच्या तेलगिरणीचं काळं पाणी ओढ्यात जातं. फुलं नाहीत, मोहोळं नाहीत. जमरुस ताडाची फळं तोडायला रोजावर जातो.

साहेब माझे फोटो काढतात, "बघा, झाड राखलं!" एकाच्या डोक्यावर वाळकी फांदी सोडली होती. नेम चुकला.

यंदा एक पोळं आलं. जमरुस खुंट्या तासायला बसला.

"म्हाताऱ्या, मोडशील!" रोसनिदा ओरडली.

"मोडेन, पण तुला मध चाटवीन."

तो चढणार त्याच सकाळी ताडांवर औषध फवारलं. माझ्या बुंध्याशी माशांचा सडा पडला. रोसनिदानं त्या सुपात भरल्या. मलाही चेष्टा सुचली नाही.

जमरुस अजून खाली बसून गातो. रोसनिदा टोमणा मारत नाही. म्हणते, "मोठ्यानं म्हण रे. लांब गेल्यात त्या."

बाबांनो, तुमच्या वळचणीला आग्या मोहोळ बसलं तर पलिता लावू नका. त्या माशांना एवढा निरोप द्या: म्हातारा अजून गातोय. पण इकडे येऊ नका.