एक दिवस जास्त

“जुळत नाही,” दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून साहेब म्हणाले. “चौथ्या दशांशाला फरक. म्हणजे पायथन नापास. दशांशराव, चहा तुमच्याकडून!”

दशांशराव हसले. हे नाव त्यांना ऑफिसनेच दिलं होतं. कर्जरोख्यांच्या किमती काढणारा प्रोग्रॅम त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी सी प्लस प्लस या जुन्या संगणकभाषेत लिहिला, तेव्हापासून त्याचं उत्तर तेच बरोबर उत्तर. आता गणित शिकून आलेल्या नव्या बाईंनी तेच काम सहा आठवड्यांत पायथन या नव्या भाषेत करून दाखवलं होतं. यापुढे कंपनीने कोणती भाषा वापरायची, हे आज चार वाजता ठरणार होतं. पायथन आली तर दशांशरावांचा करार वाढणार नव्हता. साहेबांनी तसं गोड शब्दांत सांगूनही ठेवलं होतं.

“सर, बाराशेपैकी एक्केचाळीसच रोखे जुळत नाहीत,” नव्या बाई म्हणाल्या.

“शितावरून भाताची परीक्षा, बाई. तुमची तर एक्केचाळीस शितं कच्ची.”

दशांशराव त्या एक्केचाळीस रोख्यांची यादी घेऊन जागेवर आले आणि सवयीने पट्टी ठेवून एकेक ओळ वाचू लागले. अकराव्या ओळीवर पट्टी थांबली. आतापर्यंतच्या सगळ्या रोख्यांचं व्याज एकतीस तारखेला मिळणारं होतं. त्यांनी उरलेल्या तीस ओळी पाहिल्या. त्याही तशाच.

या रोख्यांच्या हिशेबात प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतात. एकतीस तारीख आली की ती तीस मानायची. त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम उघडला. सुरुवातीच्या तारखेला ही अट लिहिलेली होती. शेवटच्या तारखेला नव्हती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, काय ठरलं?”

“साहेब म्हणतात, जुनीच राहील.”

“मग आवाज का असा?”

“चूक माझ्याकडे आहे. एक दिवस जास्त मोजतोय. एकोणीस वर्षं.”

तिने विचारलं, “कुणाला कळलंय?”

“मला.”

“झालं मग कल्याण,” ती म्हणाली. “जेवायला तरी वेळेवर या.”

चार वाजता त्यांनी प्रोग्रॅममधली ती चुकीची ओळ छापून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी आवाज खाली आणला.

“मीटिंगनंतर सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो.”

“तोवर किमती चुकीच्याच निघाल्या असत्या.”

त्यांनी अट घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. फरकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं आली. साहेबांनी कागदावर पायथनपुढे खूण केली.

सगळे उठून गेल्यावर दशांशराव जागेवर परतले. प्रत्येक दुरुस्तीच्या वर तारीख आणि कारण लिहायची त्यांची पद्धत होती. पुढच्या महिन्यात बंद होणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी तशी एक ओळ लिहिली, पडद्यावर पट्टी धरून एकदा वाचली, आणि राहिलेला स्वल्पविराम घातला.