रोळीचा फेटा

परसूने शाळेच्या गाडीच्या काचा पुसायचा पिवळ्या काठाचा टॉवेल शालीसारखा दोन्ही हातांवर पसरला आणि खुर्चीत बसलेल्या यल्लव्वाच्या खांद्यांवर इतक्या अदबीने ठेवला, की तिला हसू आवरेना.

"हसू नका अक्का," मुग्धा म्हणाली. "सत्कार आहे तुमचा."

"सत्कार कसला टीचर? डिझेलचा वास मारतोय की ह्याला!"

शौर्य मात्र हसला नाही. नऊ वर्षांचा तो मुलगा या कार्यक्रमाचा खरा चालक होता. त्याने तांदूळ धुवायची ॲल्युमिनियमची रोळी उचलून यल्लव्वाच्या डोक्यावर ठेवली, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं आणि थोडी डावीकडे सरकवली. हा फेटा. मग तिच्या ओटीत काटेरी रबरी चेंडू टाकला. हा नारळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बोटांच्या टोकांनी, पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडावेत तशा. शौर्यने भिंतीवरच्या, दिवसाचा क्रम चित्रांत दाखवणाऱ्या पट्टीवरून सत्काराचं चित्र काढलं आणि कोपऱ्यातल्या निळ्या डब्यात टाकलं. डब्यावर कानडीत लिहिलेलं होतं, 'मुगीतु'. म्हणजे संपलं.

चामराजपेटमधल्या त्या छोट्या शाळेत कुठलीच गोष्ट अचानक होत नसे. मुलांना अचानकचा त्रास होई. गेल्या वर्षीच्या सत्काराला कुणीतरी फुगा फोडला होता. शौर्य टेबलाखाली शिरला तो पाहुण्यांची गाडी जाईपर्यंत बाहेर आला नव्हता, आणि त्याच्याबरोबर टेबलावरचा कापडी पडदा, हार आणि अर्धा केकही खाली गेला होता. म्हणून यंदा मुख्याध्यापिका शिवलीला मॅडमनी बजावलं होतं, आठवडाभर रोज तालीम. रोज डबा खाऊन झाला की सत्कार. मुग्धाने चित्रं तयार केली: खुर्ची, शाल, फेटा, नारळ. शाल घालायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोटो वेळेत मिळाला नाही, तेव्हा तिने गाडीवाल्या परसूचा फोटो लावून टाकला. नाहीतरी तालमीत पाहुणा तोच होत होता.

परसूला ती भूमिका मानवली होती. सोमवारी त्याचं भाषण एका वाक्याचं होतं. बुधवारी त्यात खानापूरचं त्याचं बालपण आलं.

"अण्णा, स्वल्प कमी करा," मुग्धाने सांगितलं.

"पाहुणे काय स्वल्प बोलतात होय टीचर? मुलांना सवय नको?"

हा सत्कार यल्लव्वाच्या निरोपाचा होता. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ती निपाणीला लेकीकडे जाणार होती. लेक बाळंत व्हायची होती, आणि नंतर तिथंच राहायचं ठरलं होतं. इतकी वर्षं मुलांना उतरवून घ्यायला गाडीच्या दारात तीच उभी असायची. शौर्य उतरला की आधी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मगच शाळेत पाय टाकायचा. बांगड्या नसत्या तर तो उतरला असता की नाही, हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं. त्याच्या घरी मराठी, हिचीही मराठी. नळाखाली हात धुताना ती गायची,

नळाच्या धारेखाली नाचती ही बोटं पाची
आधी धुवू बाळा तुझी, मंग धुवू बाळा माझी

त्या 'मंग'वर शौर्य हात पुढे करायचा. आधी नाही.

तेव्हा सत्काराच्या चित्रांइतकंच आणखी एक चित्र लागणार होतं, यल्लव्वाच्या जाण्याचं. तेही आठवडाभर आधी दाखवायला हवं होतं. पालकांना मुग्धाच सांगायची, आजी गावाला जाणार असेल तर लपवू नका, चित्र दाखवा, रोज दाखवा.

"टीचर, माझं जायचं चित्र कवा?" सोमवारी यल्लव्वाने विचारलं.

"उद्या काढू फोटो."

मंगळवारी शाळेसमोर लाल एसटी उभी राहिली, तेव्हा मुग्धाने तिला दारापाशी उभं केलं. यल्लव्वाने पदर सारखा केला आणि लग्नातल्यासारखी हसली.

"अक्का, जायचं चित्र आहे. इतकं नका हसू."

"मग काय रडत जाऊ? पोरगं घाबरंल की!"

मुग्धाने फोटो काढला, पुन्हा काढला, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाली, बांगड्या दिसत नाहीत म्हणाली. शेवटी कंडक्टर ओरडला, "अम्मा, बस सुटायचीय, शूटिंग नंतर करा!" बुधवारी मुग्धा म्हणाली, प्रिंटर बिघडलाय. गुरुवारी म्हणाली, शाई संपलीय. यल्लव्वाने मान डोलावली. ऑफिसातल्या प्रिंटरमधून त्याच वेळी शिवलीला मॅडमची आमंत्रणपत्रं एकामागून एक बाहेर पडत होती, आणि दोघींनाही तो आवाज ऐकू येत होता.

शुक्रवारी पाहुणे वेळेवर आले. नागराज यांचा पीण्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्टचा कारखाना होता. पांढरा शर्ट, कपाळावर कुंकवाचा ठिपका, खिशात घडी घातलेलं भाषण. ते यल्लव्वाशेजारी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. शौर्यने पट्टीवरचं चित्र पाहिलं. नागराजना पाहिलं. पुन्हा चित्र पाहिलं. मग तो उठला, नागराजांचं एक बोट धरून त्यांना उठवलं आणि दाराकडे चालू लागला.

"शौर्य!" शिवलीला मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. "मुग्धा, अरे देवा, काहीतरी करा!"

मुग्धा अर्धी उठली आणि तशीच राहिली. मुलगा चुकत नव्हता. चित्रात परसू होता.

शौर्यने नागराजना दाराजवळच्या परसूच्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर जो बसतो त्याच्याकडे गाडीची किल्ली असते, म्हणून खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. आणि बाहेर टायरला टेकून चहा पीत असलेल्या परसूला आत ओढत आणलं. परसूने कप कुठं ठेवावा ते न कळून तो शिवलीला मॅडमच्या हातात दिला.

खरी रेशमी शाल शौर्यने हुंगून बाजूला ठेवली. जरीचा म्हैसुरी फेटाही तबकातच राहिला. तो जाऊन गाडीतला टॉवेल आणि स्वयंपाकघरातली रोळी घेऊन आला.

टॉवेल यल्लव्वाच्या खांद्यांवर गेला, रोळी डोक्यावर, आणि परसू बोलायला उभा राहिला. समोर पालक, मॅडम, आणि स्वतःच्या स्टुलावर कारखान्याचा मालक. खानापूरचं बालपण त्याच्या तोंडून पार पळालं.

"यल्लव्वा अक्काबद्दल काय बोलायचं," तो म्हणाला. "गाडीत पोराला उलटी झाली की मी खिडकीबाहेर बघतो. अक्का बघत न्हाई. पुसते." त्याने जरा विचार केला. "आणि मग मला म्हणते, चला अण्णा, सिग्नल सुटला. मुगीतु."

टाळ्या पडल्या, बोटांच्या टोकांनी. नागराजही किल्ली मांडीवर ठेवून तशाच वाजवत होते. खिशातलं भाषण त्यांनी बाहेर काढलंच नाही. निघताना परसूला किल्ली परत देत ते कानडीत म्हणाले, "हे बरं झालं. नाहीतर मला वाटलं, मुलांना मीच घरी पोचवायचंय."

पांगापांग झाली. शौर्यने सत्काराचं चित्र डब्यात टाकलं आणि पट्टीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. आता काय?

यल्लव्वाने रोळी काढून काखेत घेतली आणि मुग्धासमोर तळहात धरला.

"द्या की टीचर."

"काय?"

"मंगळवारपासनं पर्समधे हाय न्हवं? परवा पेन शोधताना दिसलं मला."

मुग्धाने पर्स उघडली. चित्राच्या कडा वाकल्या होत्या. लाल एसटी, दारात यल्लव्वा, सगळे दात दिसतायत. मुग्धाने ते शौर्यच्या डोळ्यांसमोर धरलं आणि रोजच्या आवाजात सांगायला गेली, "शौर्य, यल्लव्वाक्का..." पुढचं यल्लव्वानेच पुरं केलं.

"गावाला जाणार. सोमवारी न्हाई."

शौर्यने फोटोतल्या बांगड्यांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खऱ्या बांगड्यांवरून. मग चित्र पट्टीवर लावलं, क्षणभर पाहिलं, काढलं आणि डब्यात टाकून पाणी प्यायला निघून गेला.

"अगो बाई," यल्लव्वा म्हणाली. "गेले पण मी!"

ती हसली, अगदी एसटीच्या दारातल्यासारखी. नंतर बराच वेळ ती तीच रोळी पुसत होती.

सोमवारी गाडीच्या दारात मुग्धा उभी राहिली. शौर्यने तिचं मनगट धरलं. घड्याळ होतं. त्याने घड्याळाच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, तिच्यामागे एकदा डोकावून पाहिलं आणि उतरला. नळाखाली मुग्धा पुणेरी 'मग' म्हणाली तेव्हा तो हात पाठीमागे बांधून थांबला. ती 'मंग' म्हणाली. त्याने हात पुढे केले. एवढंच. मुग्धाने धरून ठेवलेला श्वास दुपारपर्यंत थोडा थोडा करून सोडला.

डबा खाऊन झाला. शौर्य निळ्या डब्याशी गेला, चित्रं उपसली, सत्काराचं शोधून पट्टीवर लावलं, आणि खुर्ची ओढू लागला.

"शौर्य, ते मुगीतु," मुग्धा म्हणाली. "संपलं ते."

त्याने परसूला दंडाला धरून आत आणलं. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, खोलीभर पाहिलं, आणि मुग्धाकडे बोट दाखवलं.

"आता ह्याला कोण समजावणार?" परसू म्हणाला. टॉवेल त्याच्या खांद्यावर होताच. "बसा की टीचर. पाच मिनिटांचं काम."

मुग्धा बसली. टॉवेलला खरंच डिझेलचा वास होता. ओटीत काटेरी चेंडू पडला. शौर्यने रोळी तिच्या डोक्यावर ठेवली, मागे जाऊन पाहिलं, थोडी डावीकडे सरकवली. यल्लव्वाचा अंबाडा होता, म्हणून तिच्या डोक्यावर रोळी टिकायची. मुग्धाचे केस आखूड. रोळी घसरत थेट नाकापर्यंत आली.

"मुग्धा टीचरबद्दल काय बोलायचं," परसूने सुरुवात केली आणि अडला. शौर्य वाट बघत होता. "स्वल्प थांबा हां. हे भाषण नवं आहे."

"सावकाश, अण्णा," रोळीच्या आतून आवाज आला.

रोळी वर करायला तिने हात उचलला होता. तो तसाच खाली घेतला, चेंडूवर ठेवला, आणि ती सरळ बसली.